फॉरमॅट मारण्याआधी

“भाऊ, उघडूनच नाही राहिलं.” यवतमाळ, पुसद, वणी, कुठल्याही गावातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात दिवसभर हे वाक्य कानावर पडतं, आणि त्यावरचा उपायही ठरलेला असतो: फॉरमॅट मारा, निदान प्रोग्रॅम काढून पुन्हा टाका. विंडोजच्या जगात या उपायाने बऱ्याचदा काम भागलं, म्हणून तो रूढ झाला. लिनक्सवर मात्र तो पुष्कळदा फुकट जातो. प्रोग्रॅम काढला, पुन्हा टाकला, तरी दुखणं जिथल्या तिथं. कारण ते प्रोग्रॅममध्ये नव्हतंच. ते वापरणाऱ्याच्या फोल्डरमध्ये, भरलेल्या डिस्कमध्ये, नाहीतर शेजारच्या खोलीत बंद पडलेल्या प्रिंटरमध्ये होतं.

लिनक्स आणि यवतमाळ यांचा संबंध काय, असं कुणी विचारील. संबंध आहे, आणि तो पुण्या-बंगळुरूच्या सॉफ्टवेअर कंपन्यांतून आलेला नाही. तो कोर्टातून आला. २००७ साली सुरू झालेल्या ई-कोर्ट्स प्रकल्पाने देशभरातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांसाठी मुक्त सॉफ्टवेअरची वाट धरली. न्यायाधीशांना आणि कर्मचाऱ्यांना उबंटू लिनक्सचं प्रशिक्षण मिळालं. खटल्यांची नोंद ठेवणारी केस इन्फर्मेशन सिस्टिम राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे कार्यालयात तयार झाली, तीही उबंटू आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस यांच्याच पायावर. ज्या जिल्ह्यात लिनक्सचं नाव घेतलं तर दुकानदार हात वर करतो, तिथल्या न्यायालयीन कारकुनाला आणि लघुलेखकाला ही प्रणाली रोज हाताळावी लागते. बिघाड झाला की जाणकार माणूस जिल्ह्याच्या ठिकाणी, आणि पुसदहून यवतमाळ शंभर किलोमीटर. पुढचं सगळं अशा माणसासाठी आहे: जो संगणक अभियंता नाही, पण ज्याचं काम अडलंय.

पहिली गोष्ट अशी की लिनक्सवरचा प्रोग्रॅम सहसा मुकाट्याने मरत नाही. मरताना तो काहीतरी बोलतो. फक्त आपण ऐकत असतो भलतीकडे. युनिक्सच्या जुन्या रिवाजाप्रमाणे प्रत्येक प्रोग्रॅमला बोलायला दोन वाटा असतात, एक नेहमीच्या उत्तरासाठी आणि दुसरी फक्त तक्रारीसाठी. चिन्हावर क्लिक करून प्रोग्रॅम उघडला तर ही तक्रारीची वाट पडद्यावर येतच नाही, ती व्यवस्थेच्या रोजनाम्यात जाऊन पडते. तोच प्रोग्रॅम टर्मिनल उघडून, नाव टाइप करून सुरू केला, तर तक्रार डोळ्यांसमोर छापली जाते. रोजनामा वाचायचा असेल तर उबंटूत ‘लॉग्ज’ नावाचं साधन आहे. त्यात घड्याळ बघायचं: लिबरऑफिस अकरा वाजून दहा मिनिटांनी गायब झालं, तर अकरा-दहाच्या आगेमागे काय लिहिलंय?

इथे नवखा माणूस एका सापळ्यात सापडतो. टर्मिनलमध्ये इशाऱ्यांच्या दहा-वीस ओळी दिसतात आणि त्यातली पहिली ओळ उचलून तो तिच्याच मागे लागतो. पण गनोम या उबंटूच्या डेस्कटॉपचे धडधाकट प्रोग्रॅमसुद्धा रोज असे इशारे देत असतात. एखादी थीम सापडली नाही, एखादा गुणधर्म जुना झाला, अशी किरकिर चालूच असते आणि तिने काही बिघडत नाही. म्हणून शेजारच्या टेबलावरच्या चालू मशीनवर तोच प्रोग्रॅम तसाच टर्मिनलमधून उघडावा आणि दोन्हीकडच्या ओळी ताडून पाहाव्यात. जी ओळ फक्त आजारी मशीनवर आहे, तीच कामाची. माझ्या मते या एका तुलनेने जितका वेळ वाचतो तितका दुसऱ्या कशाने वाचत नाही. डेस्कटॉप मराठीत चालवत असाल तर आणखी एक युक्ती: प्रोग्रॅमच्या नावाआधी ‘एलसी_ऑल=सी’ हे रोमन अक्षरांत लिहिलं की संदेश मूळ इंग्रजीत येतात. मराठी अनुवादातला संदेश इंटरनेटवर शोधून हाती काही लागत नाही; इंग्रजी ओळ अवतरणचिन्हांत घालून शोधली की तीच अडचण आलेले जगभरचे लोक भेटतात.

आता फॉरमॅटकडे वळू. लिनक्सवर प्रोग्रॅम एका जागी राहतो आणि त्याच्याविषयीच्या तुमच्या आवडीनिवडी दुसऱ्या जागी, तुमच्या होम फोल्डरमध्ये. फाइल्सच्या खिडकीत कंट्रोल आणि एच दाबा. टिंबाने सुरू होणारी, एरवी लपलेली फोल्डरं दिसू लागतील. टिंबाच्या फाइली लपतात हे कुणी विचारपूर्वक ठरवलेलं नव्हतं, असं युनिक्सवर काम केलेल्या मंडळींपैकी रॉब पाइक यांनी सांगितलंय. यादी दाखवणाऱ्या आज्ञेत आत्ताचं फोल्डर आणि वरचं फोल्डर अशा दोन नोंदी वगळायच्या होत्या. कुणीतरी आळस करून फक्त पहिलं अक्षर टिंब आहे का एवढंच तपासलं, आणि त्या आळसातून लपलेल्या फाइलींचा रिवाज जन्माला आला. आज त्या टिंबामागे तुमचा निम्मा संगणक असतो. लिबरऑफिसचं प्रोफाइल तिथे, ब्राउझरचे बुकमार्क तिथे, कळफलकाची मांडणीही तिथेच. पॅकेज काढून पुन्हा टाकताना व्यवस्था या फोल्डरांना हातही लावत नाही, आणि ते योग्यच आहे. पण बिघाड त्याच फोल्डरात असेल तर नवा कोरा प्रोग्रॅम उघडताच जुनी बिघडलेली सेटिंग वाचतो आणि पुन्हा कोसळतो.

उलटा धोकाही ध्यानात ठेवावा. एप्रिल २०२२ च्या उबंटू २२.०४ पासून फायरफॉक्स स्नॅप या वेगळ्या पद्धतीने येतो. स्नॅपचा प्रोग्रॅम काढला की त्याचं होममधलं सामानही जातं. व्यवस्था त्याची एक प्रत काही दिवस राखून ठेवते खरी, पण ते ठाऊक नसलेल्या माणसाच्या दृष्टीने बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड गेलेच.

मग दोष प्रोग्रॅमचा की सेटिंगचा, हे कसं ओळखायचं? संगणकावर एक नवा वापरकर्ता तयार करा, त्याच्या नावाने आत शिरा आणि तोच प्रोग्रॅम उघडा. तिथे चालला तर प्रोग्रॅम निर्दोष, दोष जुन्या वापरकर्त्याच्या फोल्डरात. तिथेही पडला तर दोष खालच्या थरात. पेनड्राइव्हवरून उबंटू न बसवता चालवून पाहिली आणि तिच्यातही तेच झालं, तर संशय यंत्राच्या हाडामांसावर. अर्ध्या तासाच्या या उद्योगात फॉरमॅटचा प्रश्न बहुधा निकालात निघतो. लिबरऑफिसने ही सोय स्वतःतच केली आहे: २०१७ च्या ५.३ आवृत्तीपासून मदतीच्या मेनूत ‘सेफ मोड’ आहे, त्यात प्रोग्रॅम कोऱ्या सेटिंगसह उघडतो. सेफ मोडमध्ये चालला तर प्रोफाइलचं फोल्डर पुसू नका, त्याचं फक्त नाव बदला. नवं फोल्डर आपोआप तयार होतं आणि तुमचा शब्दकोश, साचे, जुन्यातून परत आणता येतात.

सेटिंग बिघडते कशी, याचं उत्तर आपल्याकडे सहसा महावितरणपाशी जाऊन थांबतं. प्रोग्रॅम फाइल लिहीत असतानाच वीज गेली की अर्धी ओळ लिहून राहते. वळवाच्या दिवसांत, वारा सुटला की दिवे जाणार हे गृहीत धरूनच कामं चालतात, आणि यूपीएसची बॅटरी दमलेली असते. याच कारणाने कुलूपफाइली मागे राहतात. लिबरऑफिसमध्ये दस्तऐवज उघडला की त्याच फोल्डरात एक लपलेली छोटी फाइल बनते. तिच्यात कोणी, कोणत्या मशीनवर, कधी उघडलं हे लिहिलेलं असतं. बंद करताना ती पुसली जाते. वीज गेली तर कोण पुसणार? दुसऱ्या दिवशी संदेश येतो की फाइल अमुक माणसाने संपादनासाठी उघडली आहे, आणि तो अमुक माणूस तुम्हीच असता. एकट्याच्या मशीनवर ती फाइल बेलाशक पुसावी. पण फोल्डर नेटवर्कवर सगळ्यांत वाटलेलं असेल, तर आधी त्या नावाच्या माणसाला विचारा. तो खरोखरच आत असू शकतो, आणि मग कुलूप तोडून दोघांनी लिहिलेल्यापैकी एकाचं काम जाणार.

क्रोमियम ब्राउझरचं कुलूप आणखी गमतीचं आहे. ते मशीनचं नाव आणि प्रक्रियेचा क्रमांक जोडून ठेवतं. एका संगणकाची प्रत करून दहा संगणक तयार केले, मग प्रत्येकाला वेगळं नाव दिलं, की ब्राउझर म्हणतो, हे प्रोफाइल दुसऱ्या संगणकावर वापरात आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत हे घडलं की व्हायरस आला म्हणून बोभाटा होतो. उपाय एवढाच की ते कुलूप पुसायचं.

डिस्क भरली आहे का, हे मी सगळ्यात आधी बघतो, कारण बघायला दहा सेकंद लागतात आणि लक्षणं मात्र इतकी विचित्र असतात की डिस्कचा कुणाला संशयही येत नाही. प्रोग्रॅम उघडतो आणि मिटतो, सेटिंग टिकत नाही, छपाई अडते, कधी पासवर्ड बरोबर देऊनही डेस्कटॉप उघडत नाही. यात एक मेख आहे. ईएक्सटी-४ ही लिनक्सची नेहमीची फाइल व्यवस्था तयार होताना ५ टक्के जागा रूट, म्हणजे सर्वाधिकारी, वापरकर्त्यासाठी राखून ठेवते. डिस्क काठोकाठ भरली की साध्या वापरकर्त्याला लिहिता येत नाही, रूटला येतं. मग कुणीतरी सुडो ही रूटचे अधिकार देणारी आज्ञा लावून प्रोग्रॅम चालवतो, तो चालतो, आणि निष्कर्ष निघतो: परवानगीचा घोळ होता, सुडो लावा म्हणजे झालं.

झालं नाही, खरा घोळ आता सुरू झाला. रूटच्या अधिकारात चाललेला प्रोग्रॅम तुमच्या होममध्ये फाइली लिहितो आणि त्यांची मालकी रूटकडे जाते. उबंटूच्या १९.१० पूर्वीच्या आवृत्त्यांत सुडो तुमचंच होम वापरायचा, त्यामुळे हा अपघात सर्रास घडे. दुसऱ्या दिवशी तुम्ही साध्या अधिकारात आलात की प्रोग्रॅमला स्वतःचीच सेटिंग बदलता येत नाही. डेस्कटॉपच्या ओळखपत्राची फाइल अशी रूटच्या मालकीची झाली तर पासवर्ड देऊन एंटर मारताच पुन्हा पासवर्डचाच पडदा येतो, कितीही वेळा. पडद्यावर खिडक्या उघडणारा कुठलाही प्रोग्रॅम सुडोने चालवू नये, हा नियम मी कडक पाळतो. फाइलीच्या मालकाचं नाव तपासणं सोपं आहे: फाइलवर उजवी क्लिक, गुणधर्म, परवानग्या.

गोठलेला प्रोग्रॅम ही वेगळी जात. “हँग झालं” या एका शब्दाखाली आपण तीन निरनिराळ्या अवस्था कोंबतो, आणि सिस्टिम मॉनिटर उघडला की त्या वेगळ्या दिसतात. प्रोग्रॅम प्रोसेसरचे शंभर टक्के खात असेल तर तो कुठल्यातरी चक्रात फिरतोय. शून्य टक्के खात निवांत बसला असेल तर कुणाची तरी वाट बघतोय. तिसरी अवस्था अखंड प्रतीक्षेची: प्रक्रियेने कर्नलकडे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडे, डिस्क किंवा नेटवर्कचं काम सोपवलेलं असतं आणि ते होईपर्यंत ती कुणाचंच ऐकत नाही. प्रक्रियेला संपवायचेही दोन प्रकार आहेत. एका संकेताने तिला आवरून निघायची विनंती होते, त्यात ती फाइली मिटवून जाते. नऊ क्रमांकाचा संकेत मात्र तिला विचारतच नाही, जागेवर संपवतो. लोक थेट नऊ क्रमांकाकडे धावतात आणि अर्धवट फाइलींचा आणखी एक हप्ता मागे ठेवतात. शिवाय अखंड प्रतीक्षेतली प्रक्रिया नऊ क्रमांकालाही सहसा दाद देत नाही. तेव्हा समजावं की गुन्हेगार हा प्रोग्रॅम नाही. मरणपंथाला लागलेली हार्ड डिस्क, घाईत उपसलेला पेनड्राइव्ह, नाहीतर बंद पडलेल्या सर्व्हरवरचं वाटलेलं फोल्डर, यांपैकी काहीतरी असतं.

प्रिंटरचं उदाहरण कार्यालयांत हमखास सापडतं. लिबरऑफिसमध्ये फाइल उघडायला मिनिटभर वेळ लागतो, बाकी सगळं झकास. कारण फाइल उघडताना ते दस्तऐवजाशी जोडलेल्या प्रिंटरची चौकशी करतो, आणि तो प्रिंटर पलीकडच्या खोलीत बंद असतो. चौकशीची मुदत संपेपर्यंत खिडकी गप्प. प्रिंटर चालू करा, नाहीतर चालू असलेला दुसरा प्रिंटर मुख्य ठरवा. लगेच फरक दिसतो.

केस इन्फर्मेशन सिस्टिमसारखी प्रणाली ब्राउझरमध्ये चालते, म्हणून तिच्याबाबतीत पहिला प्रश्न असा: शेजारच्या मशीनवर उघडते का? उघडत नसेल तर आपल्या ब्राउझरशी झटापट करण्यात अर्थ नाही. सर्व्हर किंवा केबल बघा. फक्त आपल्याच मशीनवर अडत असेल आणि सुरक्षित संकेतस्थळंही प्रमाणपत्राची तक्रार करत असतील, तर पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख बघा. मदरबोर्डवरची सीआर-२०३२ ही बटणासारखी बॅटरी संपली की वीज जाताच घड्याळ मागे जातं. ब्राउझरला वाटतं, हे प्रमाणपत्र अजून लागूच झालेलं नाही. नेट जोडलेलं असेल तर उबंटू घड्याळ आपोआप लावून घेते, नेट नसेल तर मागच्याच तारखेत बसते. जुन्या मशीनवर ब्राउझर तीनदा काढून पुन्हा टाकूनही जे दुखणं जात नाही, ते अशा एका बटणाने जातं.

न सांगता नाहीसा होणारा प्रोग्रॅम बहुधा स्मृतीच्या टंचाईचा बळी असतो. ४ जीबीच्या मशीनवर ब्राउझरचे पंधरा टॅब, वर एक जड पीडीएफ. स्मृती संपली की कर्नल स्वतः एक प्रक्रिया निवडून मारतो. निवड साधारणपणे सगळ्यात जास्त स्मृती खाणाऱ्याची होते. तुम्ही टाइप करत होता लिबरऑफिसमध्ये आणि अचानक गेला ब्राउझर, याचं रहस्य हे. रोजनाम्यात ‘आउट ऑफ मेमरी’ ही ओळ आणि मारलेल्या प्रक्रियेचं नाव स्पष्ट लिहिलेलं असतं. टर्मिनलमधून चालवला असेल तर संपताना तो मागे ठेवतो तो अंकही (एक्झिट कोड) बोलका: १३७ म्हणजे नऊ क्रमांकाच्या संकेताने मारला गेला, १३९ म्हणजे स्वतःच्या हद्दीबाहेरच्या स्मृतीला हात लावून कोसळला. दोन्हींतून १२८ वजा केले की संकेताचा क्रमांक उरतो.

मे महिन्यात आणखी एक संशयित वाढतो. बाहेर ४४ अंश, खोलीत कूलर बंद, आणि पंख्याच्या जाळीत धूळ. जिनिंग-प्रेसिंगच्या कार्यालयात तर धुळीच्या जोडीला रुईचे तंतू असतात. प्रोसेसर तापला की तो स्वतःच वेग कमी करतो आणि कर्नल तशी नोंद करतो. सकाळी चालणारा प्रोग्रॅम दुपारी तीनला रांगत असेल, तर सॉफ्टवेअरची नव्हे, ब्लोअरची गरज आहे.

मराठीचे घोळ मात्र स्वतंत्र प्रकरणाएवढे आहेत. जुनी फाइल उघडली आणि पानभर निरर्थक रोमन अक्षरं दिसली, की लोक लिबरऑफिसला शिव्या देतात. त्या फाइलीत मराठी नसतंच. युनिकोडपूर्व काळातल्या कृतीदेव किंवा श्रीलिपीसारख्या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत. फॉन्ट नाही तर उरतात ती खालची रोमन अक्षरं. फॉन्ट टाकला की दिसेल, रूपांतर केलं की कायमचं सुटेल. चौकोन दिसत असतील तर गोष्ट वेगळी: मजकूर युनिकोडमध्येच आहे, पण देवनागरी फॉन्ट बसवलेला नाही. आणि मूळ फॉन्ट बदलूनही नव्या फाइलीत मराठी अक्षरं जुन्याच वळणाची येत असतील, तर लक्षात घ्या की लिबरऑफिस पाश्चात्त्य लिपी आणि देवनागरीसारख्या जटिल लिपी यांच्यासाठी फॉन्टची वेगवेगळी खाती ठेवतं. तुम्ही बदललंत ते बहुधा इंग्रजीचं खातं.

टायपिंगचंही तसंच. आयुष्यभर मराठी टंकयंत्रावर बोटं घडलेल्या माणसाला रेमिंग्टन मांडणी लागते, सरकारी प्रमाण आहे इनस्क्रिप्ट, आणि पोरांना हवी उच्चारानुसारी. उबंटूत आयबस आणि एम-सतरा-एन या टायपिंगच्या साधनांच्या जोडीने हे सगळं मिळतं. तक्रार येते ती अशी: एका प्रोग्रॅममध्ये मराठी उमटतं, दुसऱ्यात नाही. प्रोग्रॅम सुरू होताना त्याला कळफलकाच्या मध्यस्थाचा, म्हणजे आयबसचा, पत्ता वातावरणातून मिळतो. मध्यस्थ नंतर जागा झाला, किंवा स्नॅप अथवा तशाच फ्लॅटपॅक पद्धतीच्या बंदिस्त खोलीतून तो पत्ता दिसला नाही, तर प्रोग्रॅम इंग्रजीतच बसून राहतो. आधी लॉग-आउट करून परत आत या. तेवढ्याने सुटलं नाही, तरच त्याच प्रोग्रॅमची साधी, बंदिस्त नसलेली आवृत्ती टाकून बघा.

“काल तं चालत होतं,” हे दुकानदार उडवून लावतो, पण तपासात याहून मोलाचं वाक्य नाही. उबंटू सुरक्षेची अद्यतनं न विचारता टाकते आणि एपीटी या पॅकेजं बसवणाऱ्या साधनाच्या इतिहासाच्या फाइलीत कोणत्या मिनिटाला कोणतं पॅकेज बदललं हे लिहून ठेवते. कालच्या तारखेखाली ग्राफिक्सचा ड्रायव्हर किंवा नवा कर्नल दिसला, तर मशीन सुरू होताना मेनूतून मागचा कर्नल निवडून पाहा. जुन्यावर चालत असेल तर तपास संपल्यात जमा.

एवढं करूनही जे उरतं, तो प्रोग्रॅमचा खरा दोष. तो कळवायची जागा लिबरऑफिसची आणि उबंटूची वेगवेगळी आहे, पण मागणी एकच: आवृत्तीचा क्रमांक, कोणत्या क्रमाने काय केलं, आणि दोष दाखवणारी शक्य तितकी लहान फाइल. ही फाइल नव्याने बनवा. खऱ्या खटल्याचा निकालपत्राचा मसुदा, शेतकऱ्याचा सातबारा, कुणाचं आधार, यांतलं काही जोडू नका. या तक्रारी साऱ्या जगाला वाचता येतात. रोजनाम्याच्या ओळींत फाइलींची नावं असतात आणि फाइलींच्या नावांत पक्षकारांची. कोसळताना तयार होणारी स्मृतीची प्रत तर त्याहून नाजूक. त्या क्षणी खिडकीत उघडा असलेला मजकूर तिच्यात असू शकतो, म्हणून ती कुणी मागितली तरी आधी कोऱ्या फाइलीवर दोष पुन्हा घडवून मगच पाठवावी.